गर्दीच्या दिवसांत दुकान सांभाळणारे हात

घबराटीच्या खरेदीत गल्ला मालकाचा भरतो, कष्ट मात्र नोकराचे असतात. त्याची कदर कशी करावी?

24 मार्च 2020, मंगळवार. गुढीपाडव्याची पूर्वसंध्या. राज्यात आदल्याच दिवशी संचारबंदी लागू झाली होती. रात्री 8 वाजता पंतप्रधानांचे भाषण झाले आणि त्याच मध्यरात्रीपासून 21 दिवस संपूर्ण देश बंद राहील असे जाहीर झाले. भाषण संपते न संपते तोच लोक पिशव्या घेऊन घराबाहेर पडले. किराणा, दूध आणि औषधे मिळत राहतील, घाबरू नका, असे सरकारने लगोलग कळविले. पण तोपर्यंत मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत दुकानांपुढे झुंबड उडाली होती.

त्या गर्दीची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. छायाचित्रांत गिऱ्हाईक होते, रांग होती, रिकाम्या फळ्या होत्या. फळीच्या अलीकडे उभा असलेला माणूस मात्र फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. मोठ्या शहरांत तो सुपर मार्केटमधला कामगार किंवा कॅश काउंटरवरची मुलगी. शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा अशा आपल्या भागात तो किराणा दुकानातला नोकर, काट्यावर बसणारा पोरगा, गोदामातून पोते आणणारा हमाल आणि उधारीची वही सांभाळणारा दिवाणजी. ज्या रात्री सर्वांना घरी बसण्यास सांगितले गेले, त्या रात्री याला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचे होते.

आपल्या वाचकांत बागवान, मण्यार, तांबोळी, खाटीक, पिंजारी, शिंपी असे नाना व्यवसायांचे लोक आहेत. काहींची स्वतःची दुकाने आहेत, काही दुसऱ्याच्या दुकानी काम करतात, आणि गिऱ्हाईक तर आपण सारेच आहोत. म्हणून घबराटीची खरेदी कशी होते, त्यात दुकानातल्या माणसाच्या वाट्याला काय येते आणि त्याचे देणे आपण कसे फेडावे, हे समजून घेणे सर्वांच्याच कामाचे आहे.

टंचाई येते कुठून?

माल संपल्यामुळे टंचाई येते, असे आपण समजतो. पुष्कळदा क्रम उलटा असतो. टंचाई येईल या भीतीने माल संपतो.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एका किराणा दुकानाची 400 घरे बांधलेली गिऱ्हाइके आहेत. प्रत्येक घराला महिन्याला 5 किलो साखर लागते. म्हणजे महिन्याची विक्री 2000 किलो, अर्थात 50 किलोची 40 पोती. दुकानदार आठवड्याला 10 पोती आणतो. गोदाम लहान असते आणि पैसाही अडकवून ठेवता येत नाही. हे गणित वर्षभर सुरळीत चालते, कारण 400 घरे एकाच दिवशी येत नाहीत. कुणी पगाराला येतो, कुणी कापूस विकल्यावर, कुणी ज्या दिवशी डबा रिकामा होईल त्या दिवशी.

आता एका संध्याकाळी अफवा उठली. 50 घरांतली माणसे एकदम आली आणि प्रत्येकाने 5 ऐवजी 10 किलो साखर मागितली. 50 गुणिले 10 म्हणजे 500 किलो. आठवड्याची दहाच्या दहा पोती एका संध्याकाळी संपली. देशात साखर तेवढीच आहे, कारखान्यांची गोदामे भरलेली आहेत. पण या दुकानाची फळी रिकामी झाली. उरलेल्या 350 घरांपैकी जो कोणी दुसऱ्या दिवशी येईल, तो रिकामी फळी पाहील आणि घरी जाऊन सांगेल, ‘खरेच, माल संपला!’ अफवा खोटी होती. गर्दीने ती खरी करून दाखविली.

2020 मध्ये धान्याचेही असेच झाले. एप्रिलच्या आरंभी केंद्राच्या साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून सुमारे 210 लाख टन धान्य असावे, असा नियम आहे. 1 मार्च 2020 रोजी प्रत्यक्ष साठा साडेपाचशे लाख टनांहून अधिक होता. त्यातूनच एप्रिलपासून रेशनकार्डावर माणशी 5 किलो मोफत धान्याची योजना राबविता आली. देशाच्या कोठारात धान्य होते आणि गावातल्या फळीवर नव्हते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

मीठ, कागद आणि पेट्रोल

हा प्रकार नवा नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये 500 आणि 1000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, त्यानंतर तीनच दिवसांनी, 11 तारखेच्या संध्याकाळी, मीठ संपल्याची अफवा उत्तर प्रदेश आणि दिल्लीपासून मुंबई-हैदराबादपर्यंत पसरली. लोकांच्या हाती सुटे पैसे नव्हते, तरी मिठासाठी रांगा लागल्या आणि काही ठिकाणी किलोला शेकड्याने रुपये मागितले गेले. वास्तविक भारतात जेवढे मीठ खाल्ले जाते, त्याच्या दुपटीहून अधिक पिकते. त्यातले बहुतेक शेजारच्या गुजरातेत पिकते. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर वसलेल्या शिंदखेड्याच्या माणसाने मिठासाठी घाबरावे, यासारखी नवलाची गोष्ट नाही. पण ‘मीठ शे का, भाऊ?’ असे विचारीत चार माणसे एकामागून एक आली, की पाचव्यालाही राहवत नाही.

जपानसारख्या शिस्तीच्या देशातही हे घडले. 1973 साली अरब देशांनी तेलपुरवठा आखडला आणि कागद महागणार अशी बोलवा उठली. ओसाका शहराजवळच्या सेन्री वसाहतीतल्या एका दुकानापुढे शौचालयाच्या कागदासाठी रांग लागली. बातमी छापून येताच ती रांग देशभर पसरली. कारखाने नेहमीसारखे चालू होते.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण जानेवारी 2024 चे आहे. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला कडक शिक्षा ठेवणाऱ्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रक व टँकर चालकांनी काम बंद केले. उत्तर महाराष्ट्राला मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून इंधन येते. तिथले टँकर थांबले, आणि 1 व 2 जानेवारीला पेट्रोल पंपांवर दुचाकींच्या रांगा लागल्या. ज्याच्या टाकीत चार दिवसांचे पेट्रोल होते, तोही रांगेत उभा राहिला. 2 तारखेच्या रात्री सरकार आणि वाहतूकदारांची बोलणी होऊन तोडगा निघाला. दोन दिवसांचा प्रश्न होता. पण त्या दोन दिवसांत पंपावरच्या पोरांनी शिव्या खाल्ल्या, धक्के खाल्ले आणि तरी नळी हातातून सोडली नाही.

माल अडतो तो माणसांपाशी

2020 मध्ये एक खरी अडचणही होती. ती मालाची नसून माणसांची होती. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. ट्रक नाक्यांवर अडकले. जीवनावश्यक मालाला परवानगी होती, तरी नाक्यावर ती दाखवून पुढे जाण्यात तास गेले. ढाबे बंद असल्याने चालकाला जेवण मिळेना. हमाल आपापल्या गावी निघून गेले, त्यामुळे आलेली गाडी खाली करायला माणूस राहिला नाही.

किराणा मालाचा प्रवास पाहिला म्हणजे हे कळते. डाळ जळगावच्या डाळ मिलमधून निघते. गहू पुष्कळसा मध्य प्रदेशातून आग्रा रोडने येतो. तो घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात उतरतो, तिथून टेम्पोत चढतो, तालुक्याच्या दुकानात पुन्हा उतरतो. प्रत्येक चढ-उताराला एक पाठ लागते. या साखळीत पोते उचलणारा एक जरी कमी झाला, तरी फळीवर डाळ येत नाही. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो या पाठीची किंमत ओळखूनच. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना संघटित केले. मात्र लहान गावच्या बाजारातला सुटा हमाल बहुधा त्या संरक्षणाबाहेरच राहिला आहे.

चार तासांचे दुकान, बारा तासांचे काम

दुसऱ्या लाटेत, 20 एप्रिल 2021 पासून, राज्यात किराणा व भाजीची दुकाने सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी ठेवण्याचा आदेश निघाला. घरपोच माल देण्यास अधिक वेळ होता. ते रमजानचे दिवस होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले, चला, दुकानातल्या नोकरांना सुट्टीच मिळाली, चारच तास काम! प्रत्यक्षात काय होते ते पाहू.

बारा-पंधरा जिनसांची एक यादी काढायला, तोलायला, बांधायला आणि हिशेब करायला एका माणसाला दहा मिनिटे धरा. चार तास म्हणजे 240 मिनिटे. एका माणसाच्या हातून 24 याद्या होतात. दुकानात तीन माणसे असली तर 72. आपल्या उदाहरणातल्या दुकानाची 400 घरे महिन्यातून एकेकदाच आली, तर रोजची सरासरी अवघी 13-14 यादींची पडते. याचा अर्थ चार तास पुरेसे आहेत! पण पहिल्याच दिवशी 100 माणसे आली, तर 28 जण हात हलवत परत जातील आणि जाताना नोकराला बोल लावतील.

ही गर्दी निभावायची तर माल आधी बांधून ठेवावा लागतो. 10 पोती साखरेचे किलोकिलोचे 500 पुडे होतात. एका पुड्याला एक मिनिट धरले तरी 500 मिनिटे. तीन माणसांनी मिळून पावणेतीन तास केवळ साखरच बांधायची. मग तूरडाळ, हरभराडाळ, तांदूळ, रवा, पोहे, शेंगदाणे आहेतच. हे सारे शटर खाली असताना चालते. वजनाचा हिशेबही करून पाहा. 500 किलो साखर गोदामातून काट्यापाशी आणायची, काट्यावरून पिशवीत भरायची, पिशव्या काउंटरवर मांडायच्या. तीनदा हात लागला म्हणजे 15 क्विंटल वजन उचलले गेले, तेही एका जिनसाचे. त्यानंतर दुपारी घरपोच यादी, संध्याकाळी आलेली गाडी खाली करणे आणि रात्री उधारीचा मेळ. दुकानाचे तास कमी झाले होते, नोकराचे नाही. त्यात ज्याचा रोजा होता, त्याने हे सारे पाण्याच्या घोटाशिवाय केले.

आणि जोखीम? डॉक्टर-परिचारिकांच्या खालोखाल ज्यांनी रोज शेकडो अनोळखी माणसांशी समोरासमोर व्यवहार केला, त्यांत हे लोक होते. प्रत्येक नोट त्यांच्या हातातून गेली. सरकारी आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांच्या विम्याची योजना निघाली, ती योग्यच होती. किराणा दुकानातल्या पोरासाठी तशी योजना नव्हती.

काउंटरवरचा न्याय

सर्वांत अवघड काम वजन उचलण्याचे नव्हते. ते होते ‘नाही’ म्हणण्याचे.

मालक सांगतो, ‘एकाला 5 किलोच्या वर देऊ नको.’ सांगून तो गल्ल्यावर बसतो. प्रत्यक्ष नकार द्यावा लागतो नोकराला. समोरचा माणूस गावातला वजनदार असतो, ओळखीचा असतो, कधी नात्यातला असतो. तो आवाज चढवतो. त्याच वेळी रांगेत मागे एक मजूर बाई उभी असते, जिला पाव किलो डाळ आणि दहा रुपयांचे तेल हवे असते. वजनदार माणसाला 20 किलो दिले, तर बाईच्या वाटणीचे जाते. हा निवाडा दिवसातून शंभर वेळा करायचा, तोही हसतमुखाने.

चांगल्या नोकराजवळ आणखी एक गुण असतो, जो कुठल्या यंत्रात मिळत नाही. तो घरे ओळखतो. कुणाकडे लहान मूल आहे आणि दूध लागतेच, कुणाच्या घरी म्हातारा एकटा आहे, कुणाचा रोजगार बुडाला आहे आणि उधार मागायला तो शरमतो आहे, हे त्याला माहीत असते. रांगेत उभे राहू न शकणाऱ्याची पिशवी तो बाजूला काढून ठेवतो. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या सुपर मार्केट कंपन्यांनी मार्च 2020 मध्ये सकाळचा पहिला तास वृद्ध व अपंग गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवला, तेव्हा जगभर त्याचे कौतुक झाले. आपल्याकडे हे काम अनेक गावांत कुठल्याही फलकाविना दुकानातल्या एखाद्या पोराने केले.

घबराट शमविणारे वाक्यही त्याच्याच तोंडचे असते. ‘आहे, उद्याही मिळेल. आज लागेल तेवढेच न्या.’ सरकारी घोषणेवर लोक विश्वास ठेवोत न ठेवोत, ज्याच्याकडून दहा वर्षे माल नेला त्याच्या शब्दावर ठेवतात. पण त्या शब्दाला वजन केव्हा येते? तो सर्वांना सारखे देतो आणि कालच्याच भावाने देतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते तेव्हा. मालकाने मागच्या दाराने पोती विकली किंवा भाव चढविला, तर नोकराच्या शब्दाची किंमत तिथेच संपते आणि उद्याची गर्दी दुप्पट होते.

पाकिटावरच्या छापील किमतीहून जास्त घेणे कायद्याने गुन्हा आहे. 13 मार्च 2020 रोजी मास्क व सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू ठरले आणि पुढे सॅनिटायझरच्या 200 मिलिलिटरच्या बाटलीला 100 रुपयांची मर्यादा घातली गेली. सुट्या धान्यावर मात्र किंमत छापलेली नसते. मोह तिथेच होतो. लोकांना गरज असताना भाव चढावा म्हणून धान्य अडवून ठेवणे, ज्याला आपल्या फिकहमध्ये एहतिकार म्हणतात, ते निषिद्ध आहे हे आपल्यापैकी प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. देशाच्या कायद्यातही 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कैदेची तरतूद आहे, ती 7 वर्षांपर्यंत जाते. दुकान रोज चालावे म्हणून ठेवलेला साठा वेगळा आणि लोकांची अडचण पाहून दडविलेला साठा वेगळा. हा फरक मालकाच्या आधी त्याच्या नोकराला कळतो, कारण पोती तोच हलवीत असतो. त्याला खोटे बोलायला लावणे हा त्याच्यावरही जुलूम आहे.

टाळ्या आणि मोबदला

22 मार्च 2020 रोजी, जनता कर्फ्यूच्या दिवशी, संध्याकाळी 5 वाजता देशभर लोकांनी थाळ्या आणि टाळ्या वाजविल्या. सेवा देणाऱ्यांविषयी कृतज्ञता दाखविण्याचा तो प्रकार होता. कृतज्ञता चांगलीच. पण थाळीच्या आवाजाने घरात पीठ येत नाही. अमेरिकेत वॉलमार्ट या कंपनीने त्याच महिन्यात पूर्णवेळ कामगाराला 300 डॉलर आणि अर्धवेळ कामगाराला 150 डॉलर जादा देण्याचे जाहीर केले. ब्रिटनमध्ये टेस्कोने तासाच्या मजुरीवर काही काळ 10 टक्के वाढ दिली. या कंपन्यांची कमाई पाहता ही रक्कम मोठी नव्हती, आणि गर्दी ओसरताच असले भत्ते बंद झाल्याबद्दल टीकाही झाली. तरी एक गोष्ट मान्य झाली, की जादा कष्टाला जादा दाम असतो.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? दुकाने व आस्थापनांचा महाराष्ट्राचा 2017 चा कायदा, ज्याला बाजारात अजूनही जुन्या नावाने ‘गुमास्ता’ म्हणतात, त्याने दिवसाला 9 तास व आठवड्याला 48 तास काम, आठवड्याची एक सुट्टी, सलग 5 तासांनंतर विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवून दिली. मात्र या तरतुदी 10 किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 कामगारांवर नेण्याचा आणि रोजचे तास 9 वरून 10 करण्याचा निर्णय घेतला. आपल्या बाजारपेठेतल्या बहुतेक दुकानांत दोन, तीन किंवा चार माणसे असतात. म्हणजे तिथल्या नोकराचे तास, सुट्टी आणि जादा मजुरी ही सारी मालकाच्या मनावर सोडलेली आहे. जिथे कायदा पोहोचत नाही, तिथे माणसाची नियत उघडी पडते.

केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली दुकानातल्या कामगाराला बसण्याचा हक्क कायद्याने दिला. कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी केरळात त्यासाठी चळवळ केली होती. एका स्टुलासाठी कायदा करावा लागतो, यावर प्रत्येक दुकानदाराने क्षणभर विचार करावा. स्टुलाला खर्च तो किती!

दुकानदारांनी काय करावे?

पहिली गोष्ट, नियम मालकाने करावा आणि मालकानेच सांगावा. ‘एका घराला एका वेळी साखर 5 किलो, तेल 2 लिटर’ अशी पाटी दर्शनी भागात लावावी. ‘नाही’ म्हणण्याचे ओझे पाटीवर आणि स्वतःवर घ्यावे, पोरावर टाकू नये. गिऱ्हाईक भांडू लागले तर गल्ल्यावरून उठून यावे.

दुसरी, गर्दी वाटून द्यावी. मोहल्ल्यानुसार वार ठरवावेत, यादी फोनवर किंवा आदल्या दिवशी चिठ्ठीने घ्यावी आणि माल घेऊन जाण्याची वेळ सांगावी. वर दिलेला 72 यादींचा हिशेब आपापल्या दुकानाला लावून पाहावा, म्हणजे रोज किती घरांना बोलावता येईल ते कळेल.

तिसरी, जादा तासांची वहीत नोंद ठेवावी आणि पैसे त्याच आठवड्यात द्यावेत. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. गर्दीच्या दिवसांत गल्ल्यात रोकड असते. ‘ईदला पाहू’ म्हणण्याचे कारण नसते. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी घरी पोचता येईल अशा बेताने नोकराला सोडावे. नोकर हिंदू असेल तर त्याच्या पाडव्या-दिवाळीचा असाच विचार व्हावा.

चौथी, आजारपणाची रजा पगारी असावी. पगार कापला जाईल या भीतीने ताप अंगावर काढून आलेला नोकर स्वतःचे, मालकाचे आणि गिऱ्हाइकांचे, असे तिघांचे नुकसान करतो.

पाचवी, अपघात आणि मृत्यूची सोय. सरकारी ‘सुरक्षा विमा’ योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती संरक्षण आहे, आणि ‘जीवन ज्योती’ योजनेत 436 रुपयांत 50 वर्षांपर्यंतच्या माणसाला नोंदणी करता येते. दोन्ही मिळून एका माणसाला वर्षाचे 456 रुपये, तिघांचे 1368. नोकराचे बँकेत खाते असले की हे होते. विम्याबाबत ज्यांच्या मनात शरई शंका असेल, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांनी मिळून एक मदतनिधी उभारावा. पण काहीच न करणे हा पर्याय नव्हे. 2021 पासून असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणीही चालू आहे. नोकराला, हमालाला ती करून द्यावी; आधार आणि मोबाईल घेऊन बसले की होणारे काम आहे.

गिऱ्हाइकांनी काय करावे?

यादी घरूनच लिहून न्यावी. काउंटरवर आठवत बसू नये. नेहमीपेक्षा फार तर आठवडाभराचे जास्त घ्यावे. दुप्पट साखर नेणाऱ्याने लक्षात ठेवावे, की ती साखर घरात मुंग्यांना लागेल आणि पुढच्या महिन्यात तीच दुकानदाराच्या मालाला उठाव देणार नाही. सुटे पैसे न्यावेत. जुनी उधारी असेल तर जमेल तेवढी चुकवावी, कारण दुकानदाराला गाडी रोखीने सोडवावी लागते. अफवा ऐकली तर ती पुढे ढकलण्याआधी दुकानातल्या माणसाला एकदा विचारावे. आणि निघताना दोन शब्द चांगले बोलावेत. फुकटचे असतात, पण दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला ते संध्याकाळपर्यंत पुरतात.

कारागीर बंधूंना हे सांगायला नकोच. 2020 ची रमजान ईद 25 मे रोजी आली, तेव्हा कापड, बांगड्या, चपला, शिलाई यांचा वर्षाचा हंगाम बुडाला होता. कितीतरी शिंप्यांनी आणि पिंजाऱ्यांनी त्या दिवसांत भाजीची हातगाडी धरली. काल जो स्वतःच्या मशीनवर बसत होता, तो उन्हात उभा राहून ‘एक किलोच मिळेल, ताई’ म्हणू लागला. काउंटरच्या त्या बाजूला उभे राहिल्यावर कसे वाटते, ते त्यांनी अनुभवले आहे.

घबराट पुन्हा येणार. कधी आजाराने येईल, कधी संपाने, कधी तापी-पांझरेच्या पुराने रस्ता तुटला म्हणून, कधी फोनवर आलेल्या एका खोट्या निरोपाने. त्या दिवशी गावाला दोन वेळचे अन्न शांतपणे मिळेल की नाही, हे दिल्लीच्या कोठारावर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच शटर वर करून काट्यापाशी येऊन बसणाऱ्या त्या पोरावरही आहे. त्याने दुसऱ्या दिवशीही यावे असे वाटत असेल, तर त्याचा हिशेब आजच चुकता करावा.